मदिना नावाचं ख्रिस्ती गाव

माल्टा हा देश आकाराने बृहन्मुंबईच्या साधारण निम्मा. माल्टा, गोझो आणि कोमिनो अशी बेटं मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, वस्ती पाच लाखांच्या थोडी वर. भूमध्य समुद्राच्या नकाशात सिसिलीच्या खाली नव्वदेक किलोमीटरवर, शाईचा शिंतोडा उडावा तसा तो दिसतो. राजधानी व्हॅलेटा. प्रवासी येतात ते व्हॅलेटाची तटबंदी, बंदर आणि निळा समुद्र बघायला. मला ओढ होती ती आतल्या बाजूच्या दोन-तीन शांत गावांची, आणि त्याचं कारण त्यांची नावं. एकाचं नाव म्दिना, त्याला लागून असलेल्या दुसऱ्याचं रबात. म्दिना म्हणजे मदिना, अरबीत शहर. रबात म्हणजे वेशीबाहेरची वस्ती, आपल्या भाषेत पेठ म्हणा. आणि या दोन्ही गावांत राहणारा माणूस बहुतेक कट्टर कॅथलिक!

एका दिवसात हे सगळं पायी आणि बसने बघून होतं. व्हॅलेटाच्या वेशीबाहेर ट्रायटनच्या कारंज्याभोवती बसचा अड्डा आहे. पूर्वी इथे पिवळ्या रंगाच्या जुन्या बस असायच्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर येशूची नाहीतर मेरीची तसबीर. २०११ च्या जुलैत त्या बंद झाल्या आणि आता वातानुकूलित गाड्या धावतात. अर्ध्या-पाऊण तासात बस बेटाच्या मध्यावरच्या टेकडीपाशी पोचते. लांबून आधी दिसतो तो कॅथीड्रलचा घुमट आणि त्याच्याखाली मधाच्या रंगाची तटबंदी. ही म्दिना. शेकडो वर्षं बेटाची राजधानी होती. आज आत तीनशेही माणसं राहत नाहीत. बाहेरच्या मोटारींना मज्जाव आहे, त्यामुळे तिला ‘मौनाचं शहर’ म्हणतात. पर्यटकांचे जथे दहाच्या पुढे येतात. त्याच्या आधी गेलं तर आपल्याच चपलांचा आवाज भिंतींवरून परत येतो. गल्ल्या अरुंद आणि मुद्दाम वळवल्यासारख्या. सरळ गल्लीत बाण लांब जातो आणि वाराही, असं त्याचं कारण सांगतात.

पुढचा दरवाजा मात्र झोकदार आहे. तो १७२४ सालचा, सेंट जॉनच्या सरदारांच्या राजवटीतला. आतलं कॅथीड्रलही त्याच काळाच्या आसपासचं. १६९३ च्या भूकंपात जुनं चर्च पडलं आणि लोरेन्झो गाफा या स्थानिक वास्तुकाराने नवं बांधलं. त्याच्या दोन मनोऱ्यांवर दोन तबकड्या आहेत. एक वेळ दाखवते, दुसरी तारीख. सैतानाला चकवण्यासाठी ही युक्ती, असं इथले लोक हसत सांगतात.

पण मला जे बघायचं होतं ते या दगडांच्या खाली आहे, आणि लोकांच्या तोंडात आहे.

मी गेलो तेव्हा ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांच्या उपवासाचा काळ होता. चर्चच्या दारावरच्या फलकावर एक शब्द दिसला, ‘रन्दान’. हा शब्द रमजानवरून आला आहे. म्हणजे माल्टाचा ख्रिस्ती माणूस ईस्टरपूर्वीच्या उपवासाला रमजान म्हणतो. ईस्टर म्हणजे ‘मोठी ईद’, लिहिताना ईदच, उच्चारात जरा वाकलेली. गुड फ्रायडे म्हणजे ‘मोठा जुम्मा’. नाताळाला म्हणतात ‘मिलीद’. आपण मिलाद म्हणतो तोच शब्द. मेरीमातेच्या प्रार्थनेची सुरुवात होते ‘स्लीम’ने, म्हणजे सलामने. आणि ज्याची प्रार्थना करायची त्याचं नाव ‘अल्ला’. दुसरा शब्दच त्यांच्याकडे नाही.

ही भाषा, माल्टी, अरबीची लेक आहे. उत्तर आफ्रिका आणि सिसिलीत मध्ययुगात जी बोली अरबी होती तिच्यातून ती फुटली. पुढे तिच्यात सिसिलियन-इटालियन शब्दांचा पूर आला, नंतर इंग्रजी आले. भाषाभ्यासक जोसेफ ब्रिन्कात यांच्या मोजणीनुसार कोशातले निम्म्याहून थोडे जास्त शब्द इटालियन वळणाचे आहेत आणि साधारण एकतृतीयांश अरबी. पण ते अरबी शब्द म्हणजे चुलीजवळचे शब्द. आई, घर, दार, पाणी, भाकरी, जगणं, मरणं. ही भाषा रोमन लिपीत लिहिली जाते आणि २००४ साली माल्टा युरोपीय संघात गेला तेव्हा ती संघाच्या अधिकृत भाषांत जाऊन बसली. सेमिटिक कुळातली तिथे ती एकटीच आहे.

रबातमध्ये एका जुन्या चहाच्या दुकानात बसलो होतो. तिथे ‘पास्तीत्सी’ नावाचा पदार्थ मिळतो. पापुद्र्यांची होडीसारखी करंजी समजा, आत ओलं चीज नाहीतर वाटलेले वाटाणे. सोबत चहा, दूध घातलेला आणि काचेच्या पेल्यातला. मुंबईचा इराणी आठवला नाही तरच नवल. शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं आणि मला लहानपणी गावच्या मशिदीत मौलवींच्या छडीखाली घोकलेलं कुराणाचं अरबी, तेही अर्थाविना. मी आकडे मोजून दाखवले. वाहिद, इस्नैन, सलासा... ते म्हणाले, वीहेद, त्नेइन, त्लीता. मग आम्हाला चाळाच लागला. त्यांचं ‘दिन्या’, माझं दुनिया. त्यांचं ‘झ्मीन’ म्हणजे काळ, माझा जमाना. वैद्याला ते ‘तबीब’ म्हणतात, आमच्या कोकणातली म्हातारी माणसंही म्हणायची. विचाराला त्यांचा शब्द ‘ह्सीब’; तोच आपल्याकडे वाण्याच्या वहीत हिशेब होऊन बसला. सोबत्याला ते म्हणतात ‘सीहेब’. हाच शब्द आपल्याकडे आला, खुर्चीत बसला आणि साहेब झाला!

मी मराठी शब्द म्हणून सांगत होतो, हे मुद्दाम सांगतो. उर्दूच्या भरवशावर मी तिथे गेलो नव्हतो. हिशेब, हक्क, हयात, मौत, सबुरी हे शब्द माझ्या आईच्या बोलण्यात होते तितकेच शेजारच्या भंडाऱ्याच्या बोलण्यात होते. आयुष्यभर मला लोक विचारत आले, “तुमची मातृभाषा उर्दू असेल ना? मग मराठीत कविता कशा काय?” माणसाच्या नावावरून त्याची भाषा ठरवायची आपल्याला सवय आहे. माल्टात ही सवय घेऊन गेलं तर पहिल्याच चौकात फजिती होते.

आता हे झालं कसं ते बघू, कारण या प्रश्नावर माल्टाचे लोक आपसांत पुष्कळ भांडलेले आहेत.

बेट प्रथम फिनिशियनांचं, मग कार्थेजचं. इसवी सनपूर्व २१८ मध्ये रोमनांनी घेतलं. म्दिनाच्या जागी त्यांचं मेलिते नावाचं शहर होतं, आजच्यापेक्षा पुष्कळ मोठं; आजच्या रबातचा बराच भाग त्याच्या तटाच्या आत होता. सन ६० च्या सुमारास संत पॉलला कैदी म्हणून रोमला नेत असताना त्याचं जहाज या बेटावर फुटलं, असं बायबलमध्ये येतं. रबातमध्ये तो राहिला अशी एक गुहा दाखवतात आणि जवळच जमिनीखाली ख्रिस्ती दफनांची भुयारं आहेत. त्यावरून श्रद्धाळू माल्टी माणूस हिशेब मांडतो की, संत पॉलपासून आजपर्यंत आम्ही अखंड ख्रिस्ती आहोत. मध्ये अरब आले, राज्य करून गेले, आम्ही मनाने हललो नाही.

इतिहासाची कागदपत्रं जरा वेगळं सांगतात. सन ८७० मध्ये उत्तर आफ्रिकेच्या अघलबी राजवटीने मेलिते जिंकलं. शहर उद्ध्वस्त झालं. इथल्या चर्चचे संगमरवरी खांब आणि शिळा आजच्या ट्युनिशियातल्या सूसला नेऊन तिथल्या गढीच्या बांधकामात वापरल्या, असा उल्लेख आहे. अल् हिम्यरी या अरब भूगोलकाराने लिहून ठेवलंय की, त्यानंतर बेट ओसाड पडलं. जहाजांसाठी लाकूड तोडायला, मासे धरायला आणि मध गोळा करायला तेवढे लोक येत. मग हिजरी ४४०, म्हणजे १०४८-४९ मध्ये मुसलमानांनी तिथे नव्याने वस्ती केली, शहर पुन्हा बांधलं. मूळचा आकार छाटून त्यांनी तटाची लांबी कमी केली आणि बाहेर खंदक खणला. तटाच्या आत राहिली ती मदिना, बाहेर पडलं ते रबात. आज आपण ज्या वळणाच्या गल्ल्यांतून फिरतो, त्यांचा आराखडा त्या वेळचा.

पुरातत्त्वाचे अभ्यासक म्हणतात की, बेट अगदीच निर्मनुष्य झालं नसावं. दहाव्या शतकातली खापरं सापडतात. असेल. पण भाषा काय सांगते? इंग्रजांनी ब्रिटन घेतलं तरी खाली जुन्या भाषेची नदी-डोंगरांची नावं राहिली. माल्टी भाषेच्या तळाशी अरबीआधीच्या भाषेचा असा गाळ जवळजवळ लागत नाही. ब्रिन्कात यांनी १९९० च्या दशकात हाच मुद्दा मांडला. जुने लोक मोठ्या संख्येने उरले असते, तर त्यांच्या बोलीचे तुकडे नव्या भाषेत अडकले असते. मला हा पुरावा पटतो. खापर फुटतं, शब्द सहसा फुटत नाही. तो फक्त झिजतो.

अल् हिम्यरीने एक प्रसंग दिलाय तो नाटककाराला मोहात पाडेल असा आहे. वस्तीला चार-पाच वर्षं होतात न होतात तोच बायझंटाइन आरमार चालून आलं. मुसलमानांनी आपली मोजदाद केली, तेव्हा लक्षात आलं की, आपल्यापेक्षा आपले गुलामच जास्त आहेत. त्यांनी गुलामांना बोलावून सांगितलं : आमच्याबरोबर लढा, तुम्ही मोकळे. आमच्या मालमत्तेत वाटा देऊ, आमच्या घरात सोयरीक देऊ. गुलाम लढले, शत्रू परत गेला. आजच्या माल्टी माणसाच्या पूर्वजांत हे गुलाम असणार. ते कोण होते, कुठली भाषा बोलत होते, हे कुणी लिहिलं नाही. मुलं मात्र अरबी बोलू लागली.

जवळपास त्याच काळात अरबांची गलबतं आपल्या कोकण किनाऱ्यालाही लागत होती. अल् मसूदी हा प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला होता आणि तिथे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्याने लिहिलंय. पण चौलला ते आले व्यापारी म्हणून, राजा राष्ट्रकूटांचा होता. त्यांनी इथल्या बायका केल्या, इथली भाषा घेतली. माल्टात धर्म गेला आणि भाषा राहिली. कोकणात धर्म राहिला, भाषा इथली झाली. मी त्या दुसऱ्या गोष्टीतला माणूस. पहिल्या गोष्टीतली माणसं बघायला गेलो होतो असं म्हटलं तरी चालेल.

सन १०९१ मध्ये सिसिलीचा नॉर्मन सरदार काउंट रॉजर आला. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट अशी की, त्याने बेट मुसलमानांपासून सोडवलं आणि आपल्या झेंड्याचा लाल-पांढरा तुकडा फाडून माल्टाच्या लोकांना दिला. आजचा राष्ट्रध्वज त्यावरून, म्हणे. इतिहासकार ही दंतकथा मानतात. रॉजरच्याच पदरच्या मालातेर्रा नावाच्या बखरकाराने लिहिलंय ते वेगळं आहे. शहराने खंडणी कबूल केली, शस्त्रं आणि घोडे दिले, ख्रिस्ती कैदी सोडले. ते कैदी हातात क्रूस घेऊन रडत बाहेर आले. रॉजरने त्यांना सिसिलीत जमीन देऊ केली, पण ते म्हणाले, आम्हाला आमच्या मुलखात जाऊ द्या. म्हणजे ते इथले नव्हतेच. रॉजर त्यांना घेऊन गेला आणि बेटावर मुसलमान होते तसेच राहिले. पुढची दीडशे वर्षं राजा ख्रिस्ती आणि प्रजा बहुतांशी मुसलमान, असा कारभार चालला. बाराव्या शतकातला इब्न रमजान नावाचा माल्टाचा एक कवी सिसिलीच्या राजा रॉजर दुसऱ्याच्या दरबारी स्तुतिकाव्यं घेऊन गेला होता. मागणं एवढंच की, मला माझ्या बेटावर परत जाऊ द्या. दरबारात आगतस्वागत झालं, परवानगी मिळाली नाही. कवींच्या बाबतीत दरबारांची ही रीत जुनी दिसते.

सन १२४१ च्या सुमारास सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या गिलिबेर्तो आबाते नावाच्या अधिकाऱ्याने घरांची गणती पाठवली. त्यात माल्टा बेटावर मुसलमान कुटुंबं ६८१, ज्यूंची २५ आणि ख्रिस्ती ४७. या शेवटच्या आकड्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नक्कल करणाऱ्याच्या हातून हजाराचं चिन्ह गळालं असावं, असं काहींचं म्हणणं. त्या आधीच इटलीतल्या चेलानो गावचे लोक हद्दपार करून इथे आणून बसवले होते. मग फ्रेडरिकने सिसिलीच्या आणि माल्टाच्या मुसलमानांना उचलून इटलीतल्या लुचेरात नेलं. १२५० च्या आसपास उघड मुसलमान उरले नाहीत. काही गेले, जे राहिले त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यूंवर ती पाळी १४९२ मध्ये आली, कारण तोवर बेट स्पेनच्या राजाच्या ताब्यात होतं.

आता म्दिनाच्या दरवाज्यातून बाहेर पडा, बागेच्या कडेने रबातकडे दोन मिनिटं चाला. तिथे ‘दोमुस रोमाना’ नावाचं लहानसं संग्रहालय आहे. १८८१ मध्ये झाडं लावायला खड्डे खणताना एका श्रीमंत रोमन घराची फरशी लागली. पाण्याच्या भांड्यावर बसलेली दोन कबुतरं, बारीक रंगीत खड्यांची, इतकी नाजूक की भांड्याची चकाकीसुद्धा दिसते. १९२० च्या दशकात थेमिस्टोक्लीस झॅमिट या पुरातत्त्वज्ञाने पुढे खोदलं, तेव्हा त्या घराच्या वरच्या थरात दोनशेहून जास्त कबरी निघाल्या. माणसं उजव्या कुशीवर, तोंड मक्केच्या दिशेला. घर रोमन, त्याच्यावर कब्रस्तान मुसलमानांचं, त्याच्यावर तिकीटखिडकी. तिकीट काढून मी खाली उतरलो आणि मनातल्या मनात फातिहा पढलो. शेजारी शाळेच्या मुलांची सहल होती. त्यांच्या बाई कबुतरांबद्दल सांगत होत्या आणि सांगता सांगता दर दोन वाक्यांनी अरबी शब्द त्यांच्या तोंडून येत होते.

हे उघड दिसत असताना लोकांनी ते नाकारलं कसं? त्यासाठी एक सोयीचा सिद्धांत तयार झाला. अठराव्या शतकात गोझोच्या आजियुस दे सोल्दानिस या विद्वान धर्मगुरूने मांडलं की, माल्टी ही फिनिशियनांची, कार्थेजची भाषा आहे. फिनिशियनही सेमिटिक, त्यामुळे साम्य खपून गेलं. अरबांशी नातं सांगायला नको आणि वर हॅनिबलशी जोडलं जायचा मान! या मताचा पगडा विसाव्या शतकापर्यंत होता. त्याला हसण्यात अर्थ नाही. ज्या लोकांच्या गळ्यापर्यंत गलबतं येऊन माणसं पळवत होती, त्यांना आपली भाषा पळवणाऱ्यांच्या भाषेची बहीण आहे हे मान्य करणं जड जाणारच.

या भाषेसाठी खस्ता खाल्ल्या त्या मिकीएल आन्तोन वासाल्ली या माणसाने. जन्म १७६४. १७९१ मध्ये त्याने माल्टीचं व्याकरण लिहिलं, १७९६ मध्ये शब्दकोश. उमरावांची भाषा इटालियन होती आणि माल्टी ही शेतकऱ्यांची, मोलकरणींची. वासाल्ली म्हणाला की, मुलांना याच भाषेत शिकवा. सरदारांविरुद्धच्या कटात त्याला तुरुंग झाला, नंतर इंग्रजांच्या अमलात देशाबाहेर काढलं. म्हातारपणी परत आला आणि १८२५ मध्ये विद्यापीठात माल्टीचा पहिला प्राध्यापक झाला. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांसाठी त्याने शुभवर्तमानांचं भाषांतर केलं होतं, म्हणून १८२९ मध्ये तो वारला तेव्हा कॅथलिक दफनभूमीत त्याला जागा मिळाली नाही. तो पुरला आहे प्रॉटेस्टंटांच्यात. माल्टी शाळा-कचेरीत अधिकृत झाली ती त्यानंतर शंभर वर्षांनी, १९३४ मध्ये.

आपल्याकडे फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापलं, तेव्हा स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ ओवीत लिहिला. मराठीला त्याचं ओझं झालं नाही. माल्टीने अल्ला आणि रन्दान तसेच सांभाळले, त्याचंही तिला ओझं झालेलं दिसत नाही. ओझं झालं ते फक्त विद्वानांना.

कवी म्हणून मला सर्वांत जास्त ओढ होती ती एका विसाएक ओळींच्या कवितेची. पेत्रू काशारो नावाचा म्दिनाचा एक न्यायाधीश १४८५ मध्ये वारला. त्याने केलेली ‘कांतिलेना’ ही माल्टी भाषेतली आजवर सापडलेली सर्वांत जुनी कविता. त्याच्या ब्रान्दान या नातलगाने आपल्या दस्तनोंदणीच्या वहीत, खरेदीखतं आणि गहाणखतं यांच्यामध्ये, ती उतरवून ठेवली होती. चारशे वर्षं कुणाला पत्ता नव्हता. १९६६ मध्ये गॉडफ्री वेटिंजर आणि फादर मिकीएल फ्साद्नी यांना ती मिळाली. विषय साधाच : मी इतकी वर्षं बांधलेलं घर ढासळलं. गवंडी पक्का खडक मिळेल म्हणून खणत राहिले, खाली लागली मऊ माती. घर म्हणजे प्रेम, की नशीब, की म्दिनाची खरोखरीची पडकी भिंत, यावर अभ्यासक वाद घालतात. कवितेत इटालियन वळणाचे शब्द शोधून दोन-तीन निघतील, बाकी सगळी भाषा अरबी मुळाची. म्दिनाचे मुसलमान गेल्याला तेव्हा दोनशे वर्षं होऊन गेली होती. ख्रिस्ती न्यायाधीशाला आपल्या मनातली पडझड सांगायची वेळ आली, तेव्हा कचेरीची लॅटिन त्याने बाजूला ठेवली.

हेच वेटिंजर पुढे साधार लिहू लागले की, ख्रिस्ती परंपरा मध्ये तुटली होती, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. एका हाताने देशाला पहिली कविता देणारा माणूस दुसऱ्या हाताने देशाची आवडती कथा काढून घेत होता. पण कागद त्यांच्या बाजूने होते.

दुपारी मोस्ता गावावरून गेलो. इथल्या चर्चचा घुमट पाहून विजापूरचा गोलघुमट आठवतो. १८३३ ते १८६० या काळात गावकऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी श्रमदान करून तो उभारला; आतलं जुनं चर्च चालू ठेवून भोवती नवं बांधत गेले. ९ एप्रिल १९४२ रोजी जर्मन विमानातला बाँब घुमट फोडून आत पडला. प्रार्थनेला अडीच-तीनशे माणसं जमली होती. बाँब फुटला नाही. त्याची प्रतिकृती आत ठेवली आहे.

बेटाच्या उत्तर टोकाहून गोझोची फेरीबोट निघते. पंचवीस मिनिटांचं पाणी. गोझो अधिक हिरवं, अधिक सुस्त. मुख्य गावाचं नाव १८८७ मध्ये राणीच्या ज्युबिलीनिमित्त व्हिक्टोरिया केलं. लोक रबातच म्हणतात, आपण अजून व्ही.टी. म्हणतो तसे. गावावर एक गढी आहे. १५५१ च्या जुलैत तुर्की आरमार घेऊन सिनान पाशा आणि द्रागूत आले, गढी पडली आणि पाच हजारांच्या आसपास माणसं, म्हणजे जवळजवळ सगळं बेट, गुलाम करून नेलं. त्यानंतर पुष्कळ वर्षं लोकांनी रात्री गढीत येऊनच झोपावं, असा नियम होता. तो उठला १६३७ मध्ये. दुसऱ्या बाजूला सेंट जॉनचे सरदारही तेच करत होते. व्हॅलेटात मुसलमान गुलामांचा तुरुंग होता, त्यांचा बाजार भरायचा आणि १७४९ मध्ये त्यांनी केलेला उठावाचा बेत फुटल्यावर भीषण शिक्षा झाल्या. दोन्ही काठांवर आयांनी तेच शोक केले असतील, आणि निम्मे शब्द तेच असतील.

आपल्याकडची माणसंही एकदा इथे येऊन गेली. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तानच्या भांडणात दबाव आणण्यासाठी इंग्रजांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांत घालून माल्टाला पाठवले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, म्हणजे मराठी बोलणारे शिपाई असणारच. तिथल्या फळवाल्याने ‘अल्ला’ म्हटलेलं त्यांनी ऐकलं असेल का, असा विचार येतो. लढाई झाली नाही. उन्हाळ्यात त्यांना पुढे सायप्रसला नेलं.

गोझोच्या गढीत दरवाज्याजवळच पुरातत्त्व संग्रहालय आहे. तिथे संगमरवराची एक शिळा काचेमागे उभी आहे. कूफी लिपी, अक्षरं उठावाची, ओळी नीट आखलेल्या. मैमूना, हसनची मुलगी. हसन हा अलीचा मुलगा, ‘इब्न अल् सूसी’ म्हणून ओळखला जाणारा. घराणं मूळचं सूसचं असावं, जिथे तीनशे वर्षांपूर्वी माल्टाच्या चर्चचे दगड नेले होते. मृत्यू गुरुवारी, १६ शाबान ५६९ रोजी. म्हणजे २१ मार्च ११७४, रॉजरच्या स्वारीला त्र्याऐंशी वर्षं झाल्यावर. कुराणातली वचनं आहेत आणि शेवटी काही ओळी आहेत, त्यांत ती स्वतः कबरीकडे बघणाऱ्याशी बोलते.

मी ती अडखळत वाचत होतो. कूफी मला धड येत नाही, पण नाव लागलं. आमच्या गावात या नावाच्या दोन बायका होत्या. पहाऱ्यावरची बाई जवळ आली आणि तिने कौतुकाने शिळेचं माल्टी नाव सांगितलं, ‘हाज्रा ता मायमूना’. हाज्रा म्हणजे दगड. हज्र-ए-अस्वदमधला हज्र तो हाच. मग तिने मला हाताने खूण करून शिळेच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे रोमन कोरीवकाम होतं. हसनने मुलीसाठी घेतलेला संगमरवर हजारेक वर्षं आधी कुणा रोमन इमारतीत बसवलेला होता. त्याने तो उलटा करून कोऱ्या बाजूवर नाव घातलं. बाईने घड्याळाकडे बोट केलं. बंद व्हायला दहा मिनिटं होती. मी पुन्हा पुढच्या बाजूला आलो आणि उरलेल्या ओळी लावायला लागलो.